नाशिकमधील घरगुती सोल्डरिंग: तांबट लेन ते गंगापूर रोड

विजेच्या दोन तारा वितळलेल्या कथील-शिशाने सांधण्याचे काम म्हणजे सोल्डरिंग. नाशिकमध्ये या कामाची मुळे विजेपेक्षा जुनी आहेत. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे शहर पूर्वापार प्रसिद्ध; १८८३ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या नाशिक खंडातही या धंद्याचे वर्णन आहे. जुन्या गावातली तांबट लेन आजही त्याच धंद्याच्या नावाने ओळखली जाते. भांडी घडवणे, गळकी भांडी झाळून देणे आणि आतून कल्हई करणे ही कामे माहीत असलेल्या गावाला कथील कसे वितळते, कशावर धरते आणि कशावर धरत नाही, हे नव्याने शिकवावे लागले नाही.

मात्र कल्हईची रीत तारेला जशीच्या तशी चालत नाही. तापलेल्या धातूवरची काजळी काढण्यासाठी कल्हईवाला नवसागर वापरतो. नंतर भांडे धुतले जात असल्याने त्याचा उपद्रव राहत नाही. तारेच्या सांध्यात तोच नवसागर अडकून राहतो, ओल धरतो आणि तांबे खातो. म्हणून विजेच्या कामात राळ वापरतात. सोल्डरच्या तारेच्या पोटातच राळ भरलेली असते.

विजेच्या दिव्यांच्या सुरुवातीच्या काळात घरातल्या तारा भिंतीवरच्या लाकडी पट्टीवरून किंवा केसिंग-कॅपिंगमधून नेत. मध्येच जोड द्यावा लागला तर वायरमन तारेची टोके चाकूने खरवडून चकचकीत करी, एकमेकांत घट्ट पिळी, त्यावर सोल्डर देई आणि वरून टेप गुंडाळी. विजेवर तापणारे सोल्डरिंग आयर्न हाताशी नसे तेव्हा तांब्याचे टोक बसवलेला दांडा शेगडीवर किंवा ब्लोलॅम्पवर तापवीत. आधी पीळ, मग सोल्डर, हा क्रम ठरलेला असे. ताण सोसायचे काम पिळाचे; सोल्डरने हवा आणि ओल बाहेर ठेवून वीज नीट वाहू द्यायची.

घराच्या वायरिंगमधून ही रीत हळूहळू गेली, त्याची कारणे तीन. लूपिंगच्या पद्धतीत तार एका बटणापासून पुढच्या पॉइंटपर्यंत अखंड जाऊ लागली आणि जोड फक्त स्क्रूखाली आला. तांब्याच्या टंचाईच्या काळात अ‍ॅल्युमिनियमच्या तारा आल्या. त्यांच्यावर हवेने लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि साध्या राळेने सोल्डर धरत नाही. तिसरे कारण उष्णतेचे. ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळते. भार वाढून जोड तापला तर तो सुटू शकतो. बहुपदरी तारेचे टोक सोल्डरने कडक करून स्क्रूखाली दाबले, तर दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकते, पकड सैल होते आणि ठिणग्या पडू लागतात.

वायरिंगमधून गेलेले सोल्डरिंग रेडिओच्या निमित्ताने पुन्हा घरात आले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि घरच्या टेबलावर २५ वॅटचे आयर्न दिसू लागले. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले, मग टीव्हीची दुरुस्ती हाही जोडधंदा झाला. नाशिकमध्ये या कौशल्याला कारखान्यांचा आधार मिळाला: ओझरला १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आला, तर सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत विजेच्या साधनांचे उद्योग वाढले.

अशोक स्तंभापासून गंगापूर गाव व धरणाकडे जाणारा गंगापूर रोड याच काळात मळ्यांतून वसाहतींचा होत गेला. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाची संकुले या रस्त्यावर आहेत. समाजाचे केटीएचएम महाविद्यालय १९६९ चे. १९९९ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे पूर्वी उस्तादाच्या हाताखाली शिकायचे काम आता प्रयोगशाळेच्या टेबलावरही शिकता येते. चांगला सांधा ओळखण्याची खूण दोन्हीकडे एकच: सोल्डर तारेवर पसरून चमकले तर सांधा पक्का, गोळी होऊन मळकट राहिले तर तार पुरेशी तापलेली नव्हती.

अलीकडचा मोठा बदल शिशामुळे झाला. शिसे विषारी असल्याने युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून, तर भारताने १ मे २०१२ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत, इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधील त्याच्या वापरावर मर्यादा घातली. शिसे नसलेले कथील-तांब्याचे सोल्डर २२७ अंशांना वितळते, म्हणून त्याला आयर्न अधिक तापवावे लागते. दुरुस्तीच्या कामात मात्र शिशाचे सोल्डर अजून वापरात आहे. ते हाताळल्यावर हात धुणे आणि खिडकी उघडी ठेवून काम करणे आवश्यक ठरते.

आज इअरफोन, खेळणी, एलईडी दिवे, चार्जरच्या बारीक तारा ही सोल्डरिंगची खरी जागा आहे. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या तारेचा जोड कनेक्टरने आणि परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावा.