बाइकचा हेडलाइट जातो, मंद होतो, बल्ब सारखा उडतो? बल्ब बदलण्याआधी हे तपासा

तरावीह आटोपून घरी निघालो, मागे अम्मी किंवा लहान पोरगं बसलेलं, आणि मशिदीच्या गल्लीतून बाहेर पडून अंधाऱ्या रस्त्याला लागतो न लागतो तोच हेडलाइट गेला. अशा वेळी बहुतेक जण मोबाइलचा टॉर्च धरून कसेबसे घर गाठतात, सकाळी नवा बल्ब बसवतात आणि विषय संपला असं समजतात. आम्हीही तेच केलं होतं. महिन्याभरात तिसरा बल्ब उडाला तेव्हा कळलं की दोष बल्बात नव्हताच.

पहिलं काम म्हणजे आपल्या गाडीचा हेडलाइट कशावर चालतो ते ओळखणं. जुन्या कम्युटर गाड्यांत बऱ्याचदा हेडलाइटला करंट थेट इंजिनच्या कॉइलमधून मिळतो, त्याला मिस्त्री लोक 'एसी लाइट' म्हणतात. इंजिन बंद केलं की लाइट बंद, स्लोवर मंद, रेस दिली की लख्ख. ही त्या गाडीची रीतच आहे, बिघाड नाही. अशा गाडीत हेडलाइटसाठी नवीन बॅटरी घेणं म्हणजे पैसे पाण्यात. दुसरा प्रकार 'डीसी', म्हणजे बॅटरीवर चालणारा. त्यात लाइट मंद झाला तर बॅटरी आणि चार्जिंगवर पहिला संशय घ्यावा.

1 एप्रिल 2017 पासून बनलेल्या दुचाकींना हेडलाइटचं बंद-चालू बटणच नसतं, इंजिन चालू झालं की लाइट लागतो. त्यामुळे नुसती चावी फिरवल्यावर लाइट लागला नाही म्हणून लगेच घाबरू नका, आधी इंजिन चालू करून बघा.

आता अप्पर आणि डिपर दोन्ही लावून बघा. बल्बात दोन तारा असतात. एक लागते आणि दुसरी नाही, तर एक तर ती तार तुटली किंवा हँडलवरचं डिपरचं बटण आतून काळं पडलं. दोन्ही एकदम गेल्या तर बल्ब, फ्यूज, कपलर आणि अर्थिंग या क्रमाने बघावं. बल्ब काढून उजेडात धरला की तुटलेली तार बहुधा दिसतेच. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. हाताच्या तेलकटपणामुळे काच त्याच जागी जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून हात लागलाच तर स्वच्छ कपड्याला थोडं स्पिरिट लावून पुसून घ्या. आणि हो, नुकता विझवलेला बल्ब चांगलाच भाजतो.

फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळून गाडी चालवणारे आम्ही पाहिलेत. त्यात फ्यूज वाचतो आणि वायरिंग जळतं. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी वायर सोलून बॉडीला लागते आहे.

सगळ्यात जास्त फसवते ती अर्थिंग. गाडी डिपरवर असताना मीटरवरची अप्परची निळी खूण मिणमिणत असेल, तर जवळपास खात्रीने समजा की बल्बची अर्थ सुटली आहे. करंटला परतीचा रस्ता मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या तारेतून त्या निळ्या दिव्याकडे वाट काढतो. हिरो आणि होंडाच्या गाड्यांत अर्थची वायर हिरवी, अप्परची निळी आणि डिपरची पांढरी असते. एका जादा वायरचं एक टोक बल्बच्या अर्थ पिनला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावून बघा. लाइट लख्ख झाला की रोग सापडला. मग अर्थचा नट खोलून गंज पॉलिश पेपरने घासायचा आणि नट घट्ट आवळायचा. कोकणात पावसाळ्यानंतर हा त्रास हमखास. कपलर उघडून बघा, पितळी पिनांवर हिरवट थर चढलेला असतो. व्होल्टेज दहा टक्के कमी पोहोचलं तरी उजेड साधारण तीस टक्के घटतो, म्हणून थोडासा गंजही रात्री जाणवतो.

खड्ड्यात किंवा वळताना लाइट लुकलुकत असेल तर इंजिन चालू ठेवून हँडल सावकाश डावीकडे-उजवीकडे फिरवा. ठरावीक जागी लाइट गेला तर हँडलच्या गळ्यापाशी वायर आतून तुटली आहे. वरून ती अगदी शाबूत दिसते, त्यामुळे हात लावून, वाकवूनच बघावी लागते.

आता आमच्या तीन बल्बांची गोष्ट. बल्ब पुन्हा पुन्हा उडतो तेव्हा त्याला जास्त व्होल्टेज मिळत असतं. पाच टक्के जास्त मिळालं तरी बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. मल्टिमीटर डीसीवर ठेवून बॅटरीच्या टोकांना लावा आणि रेस द्या. साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक. 15 च्या वर गेलं तर आरआर युनिट, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, संशयाच्या घेऱ्यात. आमचं तेच खराब होतं. एसी लाइटच्या गाडीत बॅटरीचा आकडा बरोबर आला तरी रेग्युलेटरची लाइटकडची बाजू बिघडलेली असू शकते, ते जाणत्या वायरिंगवाल्याकडूनच तपासून घ्या. रेग्युलेटरची अर्थ ढिली असली तरी हाच त्रास होतो, म्हणून नवीन युनिट घेण्याआधी ती आवळून बघा.

उजेड कमी पडतो म्हणून पोरं 35 वॉटच्या जागी 60 वॉटचा बल्ब टाकतात. 35 वॉटला जेमतेम 3 अँपिअर लागतात, 60 ला 5. वायर आणि होल्डर तेवढ्यासाठी बनलेले नसतात, होल्डर वितळतो. एसी लाइटच्या गाडीत तर कॉइलकडे तेवढी ताकदच नसते, मोठा बल्ब उलट मंदच जळतो. बाजारातला साधा एलईडी बल्ब अशा गाडीत थरथरतो, आणि हॅलोजनसाठी बनलेल्या रिफ्लेक्टरमध्ये त्याचा उजेड इकडे तिकडे फाकून समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

वायरिंगला हात लावण्याआधी चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत वायर कापून जोड मारू नका, तिथे कपलर काढून साफ करण्यापुरतंच घरी करा आणि पुढचं काम ऑटो इलेक्ट्रिशियनवर सोडा.