जात जगते, जात मरते

साधारण ७ कोटी वर्षं मागे चला. आज अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात कून क्रीक नावाचा ओढा आहे, तिथे तुम्ही उथळ, कोमट समुद्राच्या तळाशी उभे आहात. गाळात हात घाला आणि दोन शंख वर काढा. दोन्ही बोटाच्या पेराएवढे, सारखेच दिसणारे.

भिंग लावून फक्त टोक पाहा. गोगलगायीचं बाळपण तिथे जपलेलं असतं. पहिल्याचं टोक बारीक, त्यावर घट्ट वेटोळी. याची पिल्लं इवल्याशा अंड्यांतून निघतात, प्लवक खात आठवडेच्या आठवडे पाण्यावर तरंगतात आणि दूरच्या किनाऱ्यांना लागतात. दुसऱ्याचं टोक जाड, बोथट, जेमतेम एखाद-दोन वेटोळ्यांचं. याची अंडी मोठी, बलकाने भरलेली. पिल्लू जन्मतं तिथेच चिखलात बस्तान बसवतं.

आता लाखो वर्षं भराभर पुढे सरकू द्या. समुद्र मागे हटतो, एक उपसागर आटतो. घरकोंबडी जात तेवढ्याच उपसागरात होती, ती संपली. तिच्यातली एकूण एक गोगलगाय धडधाकट होती, तरीही. तरंगणारी जात इथे मेली, पण दहा किनाऱ्यांवर शिल्लक आहे. पसारा, म्हणजे जात किती दूरवर पसरली आहे, हा गुण कुठल्याही एका गोगलगायीच्या अंगात नसतो, तो अख्ख्या जातीचा असतो. घरकोंबड्या जातींची मात्र सहज फाटाफूट होते, म्हणून त्यांच्यातून नव्या जाती लवकर निघतात. जन्म जास्त, मरणंही जास्त.

पण पसारा वारशाने मिळतो का? शिकागो विद्यापीठाच्या डेव्हिड जाब्लोन्स्की यांनी याच किनाऱ्यांवरचे जीवाश्म तपासून १९८७ मध्ये दाखवलं, की मूळ जात आणि तिच्यातून फुटलेली जात यांचे पसारे एकमेकांशी जुळतात. नैसर्गिक निवड अख्ख्या जातींमध्येही चालते का, हा वाद माझ्या मते इथेच मिटतो: फरक आहे, वारसा आहे, मरण्या-उरण्यात भेद आहे. याला नैसर्गिक निवड म्हणायचं नाही, तर कशाला?

थोडं पुढे या, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीपर्यंत. युकातानजवळ अशनी आदळतो, आभाळ काळवंडतं. तुमच्या हातातल्या शंखांसारख्या दोन्ही प्रकारच्या जातींना आता समान धोका आहे. पिल्लं तरंगतात की नाही, याने काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो प्रजातीच्या पसाऱ्याने; जवळच्या जातींचा गट म्हणजे प्रजाती. ज्या प्रजाती अनेक प्रदेशांत पसरलेल्या होत्या, त्या जास्त प्रमाणात तगल्या. एकेकट्या जातीचा पसारा या संकटात कामी आला नाही.