हिप्परग्याची शाळा आणि कुरुंद्याचं राज्यशास्त्र

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने कुरुंद्यासारख्या गावात जावं, ग्रामसभेत बसावं, गावाच्या एखाद्या प्रश्नावर लोकांसोबत राबावं आणि त्यातून विषय शिकावा, ही पद्धत 2020 च्या शैक्षणिक धोरणाने आणली असं सरसकट सांगतात. आधीचे टप्पे माहितीतले आहेत: 1937 ची वर्ध्याची नयी तालीम, चिंतामणराव देशमुख समितीची खर्चापायी बारगळलेली सक्तीच्या राष्ट्रसेवेची शिफारस आणि 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना.

मला मात्र हे कूळ व्यंकटेश खेडगीकर या तरुणापाशी सापडतं. लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहून तो एम.ए. झाला आणि कामगार पुढारी ना. म. जोशींचा सचिव बनला. जोशी म्हणजे 1911 साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढणारे. त्यांच्या हाताखालून निघालेला हा माणूस निजामी मुलखातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला गेला. हेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ! राज्यशास्त्र, समाजसेवा आणि खेड्यातली शाळा एकाच माणसात इतकी लवकर एकवटल्याचं दुसरं उदाहरण मला मराठवाड्यात दिसत नाही.

वर्ध्याचे पक्षपाती म्हणतील, मूळ तिथलंच. पण नयी तालीमचा कणा हस्तोद्योग होता. टकळीतून गणित शिकवता येतं, राज्यसत्ता कशी चालते हे तितकं नाही. अमेरिकेतल्या रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅम्सी यांनी 1967 च्या सुमारास सेवेतून शिकण्याच्या या पद्धतीला नाव दिलं, हे मान्य. तेव्हा हिप्परग्याच्या प्रयोगाला तीन तपं उलटून गेली होती. आणि हिप्परग्याची परिस्थिती वेगळीच. ‘गश्ती निशान 53’मुळे निजामाच्या राज्यात परवानगीवाचून सभा घेता येत नसे. अशा ठिकाणी नागरिक घडवायची जागा शाळाच उरते.

हिप्परग्यापासून आजच्या प्रकल्पांपर्यंत सरळ कागदोपत्री धागा नाही. तो माणसांतून आला, असं मी ठामपणे मानतो. स्वामीजींच्या पुढाकाराने 1950 मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. मूळचं कुरुंद्याचं घराणं असलेले नरहर कुरुंदकर तिथे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. विषय मराठी, पण राजकारणावरचं त्यांचं व्याख्यान गावोगाव ऐकलं जाई. वर्ग गावात नेण्याची ही त्यांची रीत मी स्वामीजींच्या शाळेचीच पुढची पिढी मानतो.