टायमिंग बेल्ट : बदलण्याची मुदत

टायमिंग बेल्ट : मोटारीच्या इंजिनात क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टकडे नेऊन पिस्टनची वरखाली हालचाल आणि व्हॉल्व्हची उघडझाप यांचा मेळ राखणारा दातेरी रबरी पट्टा. तो इंजिनाच्या आयुष्यभर टिकत नाही. ठरावीक मुदतीनंतर बदलावा लागतो. ही मुदत किलोमीटर आणि वर्षे अशी दुहेरी दिलेली असते व दोहोंपैकी जी आधी संपेल ती पाळायची असते. बहुतेक उत्पादक साधारण ६०,००० ते १,६०,००० किमी किंवा ५ ते १० वर्षे या टप्प्यातली मुदत देतात. नेमका आकडा इंजिनागणिक बदलतो आणि तो गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

कार्य : फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा लागतो. म्हणून कॅमशाफ्टच्या पुलीला क्रँकशाफ्टच्या पुलीपेक्षा दुप्पट दाते असतात. पट्टा घसरू नये म्हणून त्यालाही आतल्या बाजूने दाते पाडलेले असतात. टेन्शनर त्याचा ताण राखतो, तर आयडलर त्याला योग्य वळण देतो. अनेक इंजिनांत हाच पट्टा वॉटर पंप फिरवतो. काही डिझेल इंजिनांत इंधनाचा पंपही त्यावरच चालतो. अल्टरनेटर आणि एसीचा कंप्रेसर चालवणारा, मेकॅनिक ज्याला सरसकट फॅन बेल्ट म्हणतात तो पट्टा वेगळा. तो बाहेरून दिसतो आणि तुटला तर बॅटरी चार्ज होणे थांबते किंवा इंजिन तापते. टायमिंग बेल्ट सहसा झाकणाआड असतो आणि तो तुटला की इंजिन त्याच क्षणी बंद पडते.

इतिहास : दातेरी पट्टा मुळात मोटारीसाठी नव्हता. १९४० च्या दशकात अमेरिकेतील एल. एच. गिल्मर कंपनीत रिचर्ड केस यांनी तो शिवणयंत्रासाठी तयार केला. सुई आणि खालचा धागा यांची वेळ जुळवणे हे त्याचे काम होते. मोठ्या प्रमाणावर तयार झालेल्या मोटारीत तो प्रथम १९६२ मध्ये पश्चिम जर्मनीतील ग्लास कंपनीच्या १००४ या गाडीत आला. १९६६ मध्ये अमेरिकेत पाँटियॅकचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि इटलीत फियाट १२४ स्पोर्टसाठी ऑरेलियो लाम्प्रेदी यांनी आखलेले दोन कॅमशाफ्टचे इंजिन पट्ट्यावर चालू लागले. चेनपेक्षा पट्टा हलका, स्वस्त आणि कमी आवाजाचा असतो व त्याला वंगण लागत नाही. या गुणांमुळे १९७० ते १९९० च्या दशकांत लहान मोटारींमध्ये तो सर्वत्र पसरला. ठरावीक काळाने बदलण्याचा खर्च ही या सोयीची किंमत होय.

रचना आणि झीज : पट्ट्याचा ताण पेलतात ते त्याच्या पोटातले काचतंतूंचे दोर. त्यांभोवती रबर आणि दात्यांवर नायलॉनचे कापड असते. सुरुवातीच्या पट्ट्यांत निओप्रीन वापरत. पुढे उष्णता व तेल अधिक सोसणारे हायड्रोजनीकृत नायट्राइल रबर आले आणि मुदती लांबल्या. तरी झीज थांबलेली नाही. प्रत्येक फेऱ्यात पट्टा पुल्यांवर वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. त्याने आतले दोर थकतात. इंजिनाची उष्णता, हवेतला ओझोन आणि नुसते वय यांमुळे रबर कडक होते. वर्षांची अट त्यासाठीच असते : दहा वर्षांत जेमतेम २५,००० किमी चाललेल्या गाडीचा पट्टाही म्हातारा झालेला असतो.

पट्ट्याचे आयुष्य मुदतीआधी संपवणारी कारणे तीन. पहिले, क्रँकशाफ्टच्या किंवा कॅमशाफ्टच्या सीलमधून गळणारे तेल अथवा वॉटर पंपातून झिरपणारे कूलंट. त्यांनी रबर फुगते व दाते सुटतात. दुसरे, टेन्शनर, आयडलर किंवा वॉटर पंप यांचे बेअरिंग अडकणे. अशा वेळी चांगला पट्टाही घासून जळतो किंवा पुलीवरून उतरतो. तिसरे, झाकण फुटल्यामुळे किंवा दुरुस्तीनंतर नीट न बसवल्यामुळे आत जाणारी धूळ, चिखल आणि खडे.

किलोमीटरचा हिशेब : ओडोमीटर चाकांचे फेरे मोजतो, पट्टा मात्र इंजिनाच्या फेऱ्यांनी झिजतो. हमरस्त्यावर ताशी सरासरी ६० किमीने चाललेल्या गाडीचे इंजिन १,००,००० किमी होईपर्यंत सुमारे १,६६७ तास फिरलेले असते. मुंबई-पुण्याच्या गर्दीत सरासरी ताशी १५ किमी मिळाली, तर तेवढ्याच अंतराला सुमारे ६,६६७ तास लागतात. उभ्या गाडीत एसीसाठी इंजिन चालू ठेवले, तर मिनिटाला ८०० फेऱ्यांनी तासाला ४८,००० फेरे होतात आणि ओडोमीटर जागचा हलत नाही. घाटात दुसऱ्या गिअरवर चढतानाही दर किलोमीटरला फेरे जास्त पडतात. म्हणून टॅक्सी, शाळेच्या गाड्या, धुळीच्या रस्त्यांवरची वाहने आणि गर्दीतच फिरणाऱ्या शहरी गाड्या यांना ‘कठीण वापर’ या सदरातली कमी मुदत लागू करावी. बहुतेक मॅन्युअलमध्ये ती वेगळी दिलेली असते. गाडी पेट्रोलवर चालते की सीएनजीवर, याने पट्ट्याच्या मुदतीत सहसा फरक पडत नाही.

तुटल्यास होणारे परिणाम : व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पिस्टन वर आला, तरी दोहोंत अंतर राहते अशी काही इंजिनांची आखणी असते. त्यांत पट्टा तुटला तर गाडी रस्त्यात थांबते. नवा पट्टा घालून, टायमिंग जुळवून ती पुन्हा चालू होते. इतर इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेचा आळीपाळीने वापर करतात. तिथे पट्टा तुटताच कॅमशाफ्ट थांबते, क्रँकशाफ्ट मात्र गतीच्या जोराने फिरत राहते आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, त्यांचे गाइड फुटतात, कधी पिस्टनला भोक पडते. सिलिंडर हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. डिझेल इंजिनांत दाब जास्त लागत असल्याने ज्वलनकक्षात मोकळी जागा फारच थोडी असते. त्यामुळे जवळपास सर्व डिझेल इंजिने या दुसऱ्या प्रकारात मोडतात. पट्टा तुटला नाही, पण एक-दोन दाते घसरला, तरी इंजिनाची ताकद घटते, धूर वाढतो आणि गाडी सुरू व्हायला त्रास देते.

लक्षणे : पट्टा बहुधा सूचना न देता तुटतो. पाठीवरच्या भेगा, सुटलेले धागे, तुटलेले दाते, कडांची झीज किंवा तेलाचे डाग दिसले तर मुदत न पाहता तो लगेच बदलावा. पण वरून निरोगी दिसणारा पट्टा सुरक्षित असतो असे नाही. आधुनिक रबराला भेगा उशिरा पडतात आणि आतले दोर डोळ्यांना दिसत नाहीत. झाकणाआडून येणारी घरघर बहुतेकदा बेअरिंगची असते, तरी तीही तपासावी. पी००१६ हा फॉल्ट कोड क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांचा मेळ बिघडल्याचे सांगतो. धावती गाडी अचानक बंद पडून स्टार्टर नेहमीपेक्षा हलका आणि वेगाने फिरू लागला, तर पट्टा तुटल्याचा संशय घ्यावा आणि पुन्हा पुन्हा सेल मारू नये. त्याने नुकसान वाढते.

भारतातील गाड्या : मारुती ८०० व झेन, पहिली ह्युंदाई सँट्रो, पहिली होंडा सिटी आणि पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका डिझेल या पट्ट्यावर चालणाऱ्या गाड्या. २००५ मध्ये आलेल्या टोयोटा इनोव्हाचे २.५ लिटर डिझेल इंजिन आणि रेनॉ डस्टरचे १.५ लिटर डिझेल इंजिनही पट्ट्याचेच. टोयोटाच्या अशा काही डिझेल गाड्यांत पट्टा बदलण्याची वेळ झाली की डॅशबोर्डवर वेगळा दिवा लागतो. पट्टा बदलल्यावर तो दिवा रीसेट करावा लागतो. चाकण येथे तयार होणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन यांच्या १ लिटर टीएसआय इंजिनातही पट्टा आहे. याउलट मारुतीची २००८ पासूनची के-मालिका, इनोव्हा क्रिस्टाची डिझेल इंजिने आणि स्विफ्ट डिझेलमधले १.३ लिटर डीडीआयएस इंजिन चेनवर चालतात. चेनला सहसा ठरावीक मुदत नसते. मात्र इंजिन ऑइल वेळेवर बदलले नाही तर तीही लांबते आणि खडखडू लागते. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल इंजिन चेनचे आणि डिझेल पट्ट्याचे असू शकते. त्यामुळे मुदत गाडीच्या नावावरून न ठरवता इंजिनावरून ठरवावी.

तेलातला पट्टा : काही नव्या इंजिनांत पट्टा इंजिन ऑइलमध्येच फिरतो. फोर्डचे १ लिटर इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचे १.२ लिटर प्युअरटेक ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. घर्षण कमी व आयुष्य जास्त हा यामागचा उद्देश. युरोपात इकोबूस्टसाठी १० वर्षे किंवा २,४०,००० किमी अशी लांब मुदत दिली गेली. प्रत्यक्षात पेट्रोल मिसळलेल्या किंवा चुकीच्या ऑइलने रबर सुटते, त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि इंजिनाला वंगण मिळेनासे होते. प्युअरटेकच्या बाबतीत युरोपात गाड्या तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या आणि बदलण्याची मुदतही कमी करण्यात आली. असा पट्टा असेल तर उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल घालावे आणि ते वेळेवर बदलावे.

बदलण्याची पद्धत : काम गार इंजिनावर, बॅटरीची ऋण तार सोडवून करतात. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन सर्वांत वरच्या बिंदूवर आणून क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांच्या खुणा जुळवतात. अनेक इंजिनांत दोन्ही शाफ्ट पिनांनी जखडून ठेवावे लागतात. नवा पट्टा तीव्र वळवू, पिळू किंवा उलटा करू नये, आतले काचतंतू मोडतात. त्यावर बाण असल्यास त्याच दिशेने बसवावा. ताण दिल्यानंतर इंजिन हाताने, पान्याने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासतात. मध्येच अडथळा जाणवला तर जोर न लावता थांबावे. या तपासणीआधी सेल मारणे धोक्याचे. एकदा काढलेला पट्टा पुन्हा वापरत नाहीत.

पट्ट्याबरोबर टेन्शनर व आयडलर बदलावेत; वॉटर पंप याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही. गळती दिसत असल्यास सीलही त्याच वेळी बदलावीत. या भागांपर्यंत पोहोचण्याची मजुरी एकच असते. नवा पट्टा घालून जुनी बेअरिंग ठेवल्यास तीच पुढे पट्टा तोडतात. बनावट सुटे भाग टाळून पूर्ण किट घ्यावे आणि बदलल्याची तारीख व किलोमीटर बॉनेटखाली चिकटवून ठेवावेत.

खर्च आणि विमा : पट्टा वेळेवर बदलण्याचा खर्च हेड उतरवून व्हॉल्व्ह, गाइड आणि गॅस्केट बदलण्याच्या खर्चाच्या तुलनेत किरकोळ असतो. हे नुकसान मोटारविम्यातून भरून निघत नाही. भारतातल्या प्रमाणित पॉलिसीत झीज, यांत्रिक बिघाड आणि त्यातून उद्भवणारे नुकसान वगळलेले आहे.

जुनी गाडी घेताना विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये. पट्टा बदलल्याचे बिल किंवा सर्व्हिस बुकातली नोंद मागावी. ती नसेल तर पट्टा बदललेलाच नाही असे धरून गाडीच्या किमतीत त्याचा खर्च मिळवावा आणि लांबचा प्रवास करण्याआधी तो बदलून घ्यावा.