पानांतील भोके आणि रंगमंचावरील सुरवंट

कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात १९७२ साली स्थापन झालेल्या मर्मेड थिएटर या संस्थेने विसाव्या शतकाच्या अखेरीस एरिक कार्ल (१९२९–२०२१) यांच्या ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ (१९६९) या चित्रपुस्तकाचे बाहुलीनाट्य केले, तेव्हा खरी अडचण कथेची नव्हती. कथा मुळात त्रोटकच आहे. अडचण होती ती भोकांची. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती, असे शुक्रवारच्या पाच संत्र्यांपर्यंत खाद्य वाढते, तशी पुस्तकातील पानांची रुंदीही वाढते, आणि प्रत्येक फळाला आरपार भोक असते. त्यात बोट घालणारे मूल स्वतःच सुरवंट होते. प्रेक्षागृहात ते बोट निरुपयोगी ठरते. संस्थेने त्याऐवजी अंधाराचा आश्रय घेतला. बाहुल्या चालविणारे कलावंत काळ्या वेषात अदृश्य राहतात आणि अतिनील प्रकाशात केवळ रंग उजळतात. कार्ल यांनी रंगविलेल्या कागदी कात्रणांमागील शुभ्र अवकाश अशा रीतीने काळा झाला. हा फरक वाटतो तितका किरकोळ नव्हे. पान उलटण्याची गती पूर्वी वाचणाऱ्याच्या हाती होती, ती आता संगीताच्या स्वाधीन झाली. सोमवारच्या सफरचंदाकडे परत फिरण्याची मुभा मात्र उरली नाही.