तबकडी एक, यंत्रे तीन

वाचकहो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर एक जड खोके असेल. आईवडिलांनी मुंबई-पुण्याहून आणलेले. त्यात बालगंधर्वांच्या लाखेच्या तबकड्या, खाली कुमार गंधर्वांच्या एलपी. यंदा मुलगी म्हणते, "बाबा, चांगला टर्नटेबल घेऊ या." दुकानात जावे, तर तीन किमती सांगतात: टर्नटेबलची वेगळी, टोनआर्मची वेगळी, कार्ट्रिजची वेगळी. असे का, याचे उत्तर इतिहासात आहे आणि त्यातला बराच इतिहास इथेच, ब्रिटनमध्ये घडला.

१९०२ साली फ्रेड गेसबर्गने कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीतल्या हॅनोवरला. ७८ फेऱ्यांच्या त्या तबकड्यांत आपल्या देशातून जाणारी लाख असे. एका बाजूला गाणे जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. लोखंडी सुई दर बाजूला बदलायची आणि तिच्यावर साउंडबॉक्सचा शंभर ग्रॅमच्या वर भार. सगळे एकाच पेटीत, त्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणली. व्हायनिल मऊ, चर बारीक. ७८ साठी सुईचे टोक साधारण ७० मायक्रॉन त्रिज्येचे लागते, एलपीला २५ पुरते. दहा वर्षांनी स्टीरिओ आले तेव्हा ते १८ वर आले. जुना भार इथे टाकला असता तर चर नांगरलाच गेला असता. म्हणून फिरवणारे यंत्र, सुई धरणारा हात आणि सुईची थरथर विजेत बदलणारे कार्ट्रिज या तिन्हींचे कारागीर वेगळे झाले. स्विंडनच्या गॅरार्डने १९५४ च्या सुमारास ३०१ हे यंत्र आणले, ते टोनआर्मशिवाय. ससेक्समधल्या स्टेनिंगच्या एसएमई कंपनीचा मालक मुळात लहान प्रतिकृती बनवणारा. त्याने स्वतःसाठी घडवलेला हात मित्रांना आवडला आणि १९५९ मध्ये तो बाजारात आला. १९७० साली जपानच्या टेक्निक्सने पट्ट्याशिवाय, थेट मोटरवर फिरणारा एसपी-१० काढला. १९७३ साली ग्लासगोत लिन कंपनी उभी राहिली. तिचे म्हणणे साधे होते: तबकडीवरून जे उचललेच गेले नाही, ते पुढचा कितीही महाग स्पीकर परत आणू शकत नाही. तोवर लोक स्पीकरवर पैसे घालत. आता टर्नटेबल आधी आला.

आता तुमच्या निवडीकडे येऊ. पहिला प्रश्न यंत्राचा नाही, खोक्याचा. आत काय आहे? मूळचा लिन एलपी१२ फक्त ३३⅓ वर फिरे. बालगंधर्वांच्या तबकड्यांना त्याचा काही उपयोग नाही. गॅरार्ड ३०१ वर ७८ सुद्धा चाले.

दुसरा प्रश्न हात आणि कार्ट्रिजच्या जोडीचा. डेनॉनच्या डीएल-१०३ ची सुई ताठ. तिला अडीच ग्रॅम भार आणि जड हात हवा. शुअरच्या व्ही१५ ला ग्रॅमभर पुरे, आणि हातही हलका. जोडी चुकली तर दोन्ही महाग वस्तू एकमेकींना बिघडवतात. हाताचा आपला डोल सेकंदाला आठ ते बारा हेलकाव्यांमध्ये असावा. त्याखाली गेला तर वाकड्या तबकडीबरोबर सुई उड्या मारते; वर गेला तर तो गाण्यात मिसळतो. प्रवासात वाकलेल्या आपल्या तबकड्यांसाठी हा मुद्दा नुसता पुस्तकी नाही.

तिसरे, पैशांचा क्रम. स्थिर यंत्र आधी, मग हात, मग कार्ट्रिज. शिवाय ७८ साठी वेगळी सुई ठेवा.

हे शेवटचे मी अनुभवाने सांगतो. आमच्या जुन्या यंत्रात सुई उलटवायची कळ होती, एका बाजूला एलपी, दुसरीकडे ७८. लहानपणी मी ती न बघता वडिलांची आवडती एलपी लावली. तिची खरखर आजही तशीच आहे. वडील रागावले नाहीत. त्यांनी ती तबकडी पुन्हा कधी मागितली नाही, एवढेच.

तेव्हा या दिवाळीत खोके उघडा, तबकड्या उभ्या ठेवा, मुलांना दोन्ही सुया भिंगातून दाखवा. आणि मगच दुकानात जा.