अफझलगंजचा क्लोरोफॉर्म

पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ सालची, याचा आपल्याला कोण अभिमान! त्यापुढे हैदराबादच्या अफझलगंजमधलं जुनं इस्पितळ कुणाच्या गावीही नसतं. पण शस्त्रक्रियेच्या वेदनेवरचा एक मोठा वाद त्या शहरात रंगला होता.

एडवर्ड लॉरी हे तिथले सर्जन. क्लोरोफॉर्मने रोगी दगावतो तो श्वास थांबल्यामुळे, थेट हृदय बंद पडून नव्हे, असं त्यांचं ठाम म्हणणं. नाडी सोडा, श्वासावर नजर ठेवा! १८८८ साली त्यासाठी कुत्र्यांवर प्रयोग झाले. 'लॅन्सेट'ला ते पटेनात. तेव्हा निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले आणि १८८९ मध्ये लंडनहून लॉडर ब्रंटन आले. पुन्हा शेकडो जनावरांचा बळी (वाचतानाही पोटात कालवतं), आणि निकाल लॉरींच्याच बाजूने.

१९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं, की हलक्या गुंगीतही क्लोरोफॉर्म हृदयाची लय बिघडवून जीव घेऊ शकतो. म्हणजे लॉरी चुकले होते. श्वास पाहण्याची त्यांची शिस्त मात्र चुकीची नव्हती.

मला लॉरींपेक्षा जवळच्या वाटतात त्या रूपाबाई फर्दुनजी. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेतल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. ही पारशी मुलगी लॉरींच्या हाताखाली क्लोरोफॉर्म द्यायला शिकली. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचं नाव घेतात. त्यांनी काम केलेलं ते इस्पितळ १९०८ च्या मुसी नदीच्या पुरात गेलं. उरलं ते चिंचेचं झाड. त्यावर चढून दीडेकशे माणसं वाचली, असं सांगतात.